पेप्टाइडसदृश रेणूंचे पुण्यातील संशोधन

शरीरातील प्रथिने जनुकांच्या संदेशानुसार तयार होतात. सदोष संदेश अडविता आल्यास रोगाचे मूळच रोखता येईल. मात्र त्यासाठी वापरलेला न्यूक्लिइक अम्लाचा तुकडा शरीरातील विकरे तोडून टाकतात. १९९१ साली डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी अशा तुकड्यास पेप्टाइडसारखा, म्हणजे प्रथिनांच्या साखळीशी साम्य असलेला कणा दिला. हा ‘पीएनए’ रेणू विकरांना दाद देत नाही. परंतु पेशीतही सहज शिरत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. के. एन. गणेश व सहकाऱ्यांनी त्याच्या कण्यात वलये व धनभार योजून ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न केले. २००६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील ‘आयसर’चे ते पहिले संचालक झाले; तेथेही हे संशोधन पुढे चालले. प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंतची वाट लांबची असते. मूलभूत संशोधनाशिवाय मात्र तिची सुरुवातच होत नाही.