तीन मिलिमीटरचा बोअर

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मायक्रॉन हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. 'बोअर पाच मायक्रॉन मोठा निघाला', 'टेपर आलाय', 'आत बर राहिलाय' ही वाक्यं शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवरही चालू असतात. इंजिनाच्या ब्लॉकमधली तेलाची वाट आतून साफ आहे का, हे बघायला तिथे बोअरस्कोप घालतात. म्हणून इथल्या वाचकाला आणखी एक बोअर दाखवावासा वाटतो. व्यास साधारण तीन मिलिमीटर. सरळ नाही, वळणावळणाचा. भिंत मऊ आणि जिवंत. आतून अपारदर्शक द्रव सतत वाहतोय आणि मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा अख्खा जॉब हलतोय. मशीन बंद करायची सोय नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी कोरोनरी धमनी ती हीच.

या बोअरची भिंत आतून बघता येते. तीही दहा-पंधरा मायक्रॉनपर्यंतच्या बारकाव्यानं.

आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली तपासणी म्हणजे 'अँजिओ'. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, एक्स-रेला दिसेल असा द्रव सोडतात आणि पडद्यावर धमन्यांची झाडासारखी आकृती उमटते. ज्या खोलीत हे होतं त्या कॅथलॅबची काही एक्स-रे यंत्रं फिलिप्सच्या चाकणमधल्या कारखान्यात बनतात. अँजिओची सुरुवात अपघातानं झाली. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स तपासणी करत असताना नळीचं टोक चुकून उजव्या कोरोनरी धमनीत शिरलं आणि द्रव थेट तिच्यात गेला. हृदय काही क्षण थांबलं. सोन्सनी रुग्णाला खोकायला सांगितलं, ठोके पुन्हा सुरू झाले, आणि कोरोनरी धमनीचं वेगळं, स्पष्ट चित्र घेता येतं हे जगाला कळलं.

पण अँजिओत दिसते ती पोकळीतल्या द्रवाची सावली. भिंत दिसतच नाही. 'सत्तर टक्के ब्लॉकेज' म्हणजे शेजारच्या भागापेक्षा सावली किती अरुंद झाली, याचा अंदाज. आणि धमनी इथे मोठाच चकवा देते. १९८७ साली सेमूर ग्लॅगॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या हृदयांवरून दाखवलं की भिंतीत चरबीचा थर साचू लागला की धमनी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट मोकळी ठेवते. साधारण चाळीस टक्के जागा थरानं व्यापेपर्यंत पोकळी फारशी आवळतच नाही. म्हणजे आजार भिंतीत वर्षानुवर्षं वाढतोय आणि अँजिओचं चित्र मात्र जवळजवळ स्वच्छ! 'रिपोर्ट नॉर्मल होता, तरी अटॅक आला' असं आपण ऐकतो, त्यातल्या काही प्रसंगांच्या मागे हे कारण असू शकतं.

भिंतीत नेमकं बिघडतं काय? चरबीचा मऊ साठा असतो आणि त्यावर तंतूंचं पातळ झाकण. झाकण जाड असेल तर साठा वर्षानुवर्षं गप्प बसतो. ते फाटलं की आतला ऐवज रक्ताला लागतो, तिथे गुठळी धरते आणि काही मिनिटांत धमनी बंद होऊ शकते. फाटलेली झाकणं सूक्ष्मदर्शकाखाली मोजणाऱ्या संशोधकांना ती बहुतेक ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ आढळली. माणसाचा जीव ज्यावर टांगलेला आहे त्या पदराची जाडी ही! ती जिवंत माणसात, धडधडत्या हृदयात मोजायची कशी?

सरळ कॅमेराच आत घालायचा, हा मार्गही वापरून झाला आहे. काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येतं, हे पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत १९५४ साली लंडनमधून प्रसिद्ध केलं होतं. असे तंतू धमनीत घालून बघण्याची पद्धत जपानमध्ये विशेष रुजली. निरोगी भिंत पांढुरकी, चरबीचा साठा पिवळा, गुठळी लाल. रंग दिसतात खरे, पण दिसतो तो फक्त पृष्ठभाग. झाकण किती जाड, त्याखाली काय, हे त्या चित्रातून मोजता येत नाही.

मग आवाज वापरला गेला. कॅथेटरच्या, म्हणजे आत जाणाऱ्या बारीक नळीच्या, टोकाला बसवलेला चिमुकला स्फटिक ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतो आणि भिंतीतून येणारे प्रतिध्वनी टिपतो. याला आयव्हस म्हणतात. ध्वनी रक्तातून पार जातो आणि भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचतो, म्हणून धमनीचा खरा व्यास आयव्हस छान सांगतं. या कॅथेटरसाठी नाव कमावलेली व्होल्केनो ही अमेरिकी कंपनी २०१५ मध्ये फिलिप्सनं विकत घेतली. पण आयव्हसचा बारकावा साधारण शंभर मायक्रॉनचा. ६५ मायक्रॉनचं झाकण त्याच्या मापात येत नाही.

त्याखाली उतरायचं तर प्रकाश हवा, आणि मला थक्क करतो तो हा टप्पा. प्रकाश भिंतीवर टाकायचा, किती वेळानं परत येतो ते बघायचं आणि त्यावरून खोली काढायची, अशी कल्पना. पण दहा मायक्रॉन आत जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाचा सुमारे दहा लाख कोटीवा भाग लागतो. इतका वेळ थेट मोजेल असं घड्याळ इलेक्ट्रॉनिक्सकडे नाही. म्हणून घड्याळच टाळलं गेलं. प्रकाशाचे दोन भाग केले. एक भिंतीकडे पाठवला, दुसरा ठरलेल्या अंतरावरच्या आरशाकडे. परतल्यावर दोन्ही एकमेकांत मिसळले की त्यांच्या लहरी कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे पुसतात. त्या नक्षीतून अंतर निघतं. मायकेलसननं एकोणिसाव्या शतकात प्रकाशाच्या अभ्यासासाठी वापरलेली ही युक्ती. १९९१ साली एमआयटीमधल्या डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी तिच्या बळावर ऊतींचे आडवे छेद दाखवले आणि या तंत्राला नाव दिलं ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी, म्हणजे ओसीटी. डोळ्याच्या दवाखान्यात पडद्याची तपासणी करतात ती याच तंत्रानं.

धमनीत जाणारं ओसीटीचं कॅथेटर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं. आत काचेचा एकच तंतू, आणि टोकाशी प्रकाश बाजूला वळवणारं भिंग. प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, १३०० नॅनोमीटरच्या आसपासचा. तंतू स्वतःभोवती फिरतो, सेकंदाला १८० फेरे. मिनिटाचा हिशेब केला तर १०,८००! सीएनसीच्या स्पिंडलवर हा आकडा वाचायची सवय असलेल्यांनी क्षणभर थांबावं: हा वेग एका काचेच्या तंतूचा आहे, जिवंत माणसाच्या हृदयावर. प्रत्येक फेऱ्यात भिंतीचा एक छेद मिळतो, आणि फिरता फिरता तंतू मागे ओढला जातो.

रक्त मात्र प्रकाशाला अडवतं, कारण तांबड्या पेशी त्याला विखरून टाकतात. म्हणून डॉक्टर नेमक्या त्या वेळी धमनीत द्रवाची पिचकारी सोडून रक्त पुढे ढकलतात. धमनी दोन-तीन सेकंद स्वच्छ होते. तेवढ्यात सात सेंटिमीटरहून लांब भागाचे शेकडो छेद घेऊन होतात. प्रकाश भिंतीत एक-दोन मिलिमीटरच शिरतो, त्यामुळे फार खोलचं दिसत नाही. झाकण मात्र दिसतं, मोजता येतं.

स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसवतानाही ओसीटीचा मोठा उपयोग होतो. स्टेंटच्या धातूच्या काड्या हल्ली ६० ते ८० मायक्रॉन जाडीच्या असतात. अँजिओत स्टेंट नीट बसलेला वाटतो आणि ओसीटीत काही काड्या भिंतीपासून सुटून रक्तात तरंगताना दिसतात, किंवा स्टेंट पुरता उघडलेलाच नसतो. कॅल्शियमचं तर विचारूच नका. काही धमन्यांत त्याचं कडक कडं तयार होतं आणि धमनी रुंद करणारा फुगा कितीही फुगवला तरी ते हटत नाही. ओसीटीत त्या कड्याची जाडी मोजता येते. ते अर्ध्या मिलिमीटरहून जाड, अर्ध्या परिघाहून मोठं आणि पाच मिलिमीटरहून लांब असेल तर स्टेंट पुरता न उघडण्याची भीती असते, त्यामुळे आधी कॅल्शियम फोडावं लागतं. त्यासाठीच्या एका साधनाच्या टोकाला हिऱ्याचे कण जडवलेला बर असतो. तो मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेऱ्यांनी फिरतो आणि कडक भाग घासून काढतो. चाकणच्या कुठल्याही ग्राइंडिंगवाल्याला हे काम समजावून सांगावं लागणार नाही.

या सगळ्यानं रुग्णाचं खरंच भलं होतं का? सरसकट सगळ्यांसाठी उत्तर सारखं नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या इल्युमियन-४ या मोठ्या चाचणीत ओसीटी वापरल्यानं स्टेंट जास्त उघडला, पण दोन वर्षांत धमनी पुन्हा बिघडण्याचं एकूण प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही. त्याच वर्षी कोरियातल्या रेनोव्हेट चाचणीत, गुंतागुंतीच्या धमन्यांमध्ये, आतून बघून केलेल्या अँजिओप्लास्टीत गंभीर घटना ७.७ टक्के, तर नुसत्या अँजिओवर केलेल्यांत १२.३ टक्के दिसल्या. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये डाव्या मुख्य धमनीतले, फाट्यावरचे आणि लांब अडथळे अशा अवघड प्रकारांत आतून बघण्याला सर्वोच्च दर्जाची शिफारस दिली.

अडतं ते पैशांत. आतून बघण्याच्या कॅथेटरचा खर्च स्टेंटच्या खर्चाशिवाय वेगळा पडतो. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, औषध लावलेल्या स्टेंटला तेव्हा सुमारे २९,६०० रुपये, आणि लाखो कुटुंबांना दिलासा मिळाला. अवघड धमनी आतून बघणाऱ्या नळीच्या किमतीकडेही सरकारनं तितक्याच गांभीर्यानं बघावं, असं मला मनापासून वाटतं. तोवर घरातल्या कुणाचा अडथळा डाव्या मुख्य धमनीत किंवा फाट्यावर निघाला, तर स्टेंट बसवण्याआधी 'आयव्हस किंवा ओसीटी करणार का?' एवढं डॉक्टरांना जरूर विचारावं.