सेंद्रिय ऊस परवडतो काय?



लावणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, खताच्या पिशव्या आणून आणून सोसायटी थकली. आता सगळं सेंद्रियच करावं म्हणतो. परवडंल का?" विचारणारा बहुधा एक-दीड एकराचा धनी असतो. दहा एकरवाल्याने एक एकर प्रयोगाला घातला तरी त्याचे घर चालते. दीड एकरवाल्याचा प्रयोग म्हणजे त्याचे अख्खे वर्ष असते. म्हणून बांधावर उभ्या उभ्या हो किंवा नाही म्हणण्याऐवजी आम्ही हा हिशेब येथे मांडीत आहोत.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील के. जी. क्षीरसागर यांनी नेमका हाच विषय अभ्यासाला घेतला होता. महाराष्ट्रातील दोन जिल्ह्यांतील १४२ ऊस उत्पादकांकडून त्यांनी माहिती गोळा केली. त्यांपैकी ७२ जण सेंद्रिय ऊस करणारे व ७० जण नेहमीच्या पद्धतीने करणारे होते. २००६ ते २००८ च्या दरम्यान प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, सेंद्रिय उसाचा लागवड खर्च १४.२४ टक्क्यांनी कमी, उत्पादन ६.७९ टक्क्यांनी कमी, माणसांचे काम १६.९० टक्क्यांनी जास्त आणि नफा १५.६३ टक्क्यांनी जास्त होता. सेंद्रिय शेतावर उत्पादनातील चढउतारही कमी दिसले, आणि कर्जावर पीक घेणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

शेवटचा नफ्याचा आकडा वाचून कुणी उद्याच युरिया बंद करू नये. त्या नफ्यात सेंद्रिय उसाला मिळालेल्या जादा दराचा वाटा आहे. आपल्याकडे मात्र सेंद्रिय काय आणि साधा काय, दोन्ही ऊस एकाच गव्हाणीत पडतात आणि बिल एकाच दराने निघते. तेव्हा जादा दर बाजूला ठेवून काय उरते ते पाहू.

समजा, बिलाच्या दर १०० रुपयांमागे तुमचा खर्च ६० रुपये होतो, म्हणजे ४० रुपये उरतात. सेंद्रियात वरील सरासरी धरली तर बिल येईल ९३ रुपये २१ पैसे, खर्च ५१ रुपये ४६ पैसे आणि शिल्लक ४१ रुपये ७५ पैसे. पावणेदोन रुपयांचा फायदा झाला. पण ज्याचा खर्च १०० मागे ४० रुपयेच आहे, त्याची शिल्लक ६० वरून ५८ रुपये ९१ पैशांवर येते. म्हणजे १०० मागे सुमारे ४८ रुपये खर्चाला बरोबरी होते. त्याहून जास्त खर्च करणाऱ्याला थोडा फायदा, कमी करणाऱ्याला थोडा तोटा. खरी कमाई जादा दरात आहे. आता आपला खर्च ४८ च्या वर की खाली, हे आमच्या फिरतीतल्या दहांपैकी एखाद्यालाच छातीठोकपणे सांगता येते!

दुसरी गोष्ट कामाची. १६.९० टक्के जास्त काम म्हणजे शेणखत वाहणे, पाचट पसरणे, खुरपणी. अभ्यासकाच्या दृष्टीने हा वाढलेला रोजगार आहे, आणि गावातल्या मजुराला तो हवाच आहे. परंतु दीड एकरवाल्याच्या घरी हे काम मालकीणबाई करतात आणि ते वहीत कुठेच चढत नाही. घरच्या खुरपणीचे रोज धरले नाहीत तर कोणतीही शेती स्वस्तच दिसणार.

तिसरी गोष्ट पहिल्या वर्षांची. सध्या जे सेंद्रिय करतात त्यांचाच हिशेब अशा पाहणीत येतो. मध्येच सोडून दिलेल्यांचा येत नाही. सुरुवातीला काय होते ते पाहण्यासाठी उसाऐवजी मध्य प्रदेशातील निमाडचा कापूस पाहावा लागेल. तेथे स्वित्झर्लंडच्या 'फिबल' या सेंद्रिय शेती संशोधन संस्थेने २००७ पासून दीर्घ मुदतीचा प्रयोग चालविला. २००७-०८ मध्ये सेंद्रिय कापूस २९ टक्के व गहू २७ टक्के कमी आला. २००९-१० मध्ये दोन्ही पद्धती बरोबरीला आल्या, पण त्याचे कारण रासायनिक बाजूचे उत्पादन खाली उतरले हे होते. त्या वेळी खर्च कमी असल्यामुळे सेंद्रियाला २५ टक्के जास्त प्राप्ती झाली. पहिल्या फेरीत मात्र रासायनिकाची २९ टक्क्यांनी जास्त होती. हा पहिला खड्डा पार करायला पैसा कोठून आणायचा, हे आधी ठरवलेले बरे.

उसात हा खड्डा का पडतो? सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १०० किलो. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. तेवढे सगळे नत्र शेणखतातून द्यायचे तर एकरी २० टन खत लागेल, आणि दोन जनावरांमागे वर्षाला चार-पाच टन चांगले कुजलेले खत निघाले तरी पुष्कळ. एकरी तीन-चार टन पाचटातून पंधरा-वीस किलो नत्र मिळते, पण ते लगेच नाही. पाचट कुजवणारे जीवाणू आधी जमिनीतलेच नत्र खातात, म्हणून सुरुवातीला ऊस पिवळा पडतो आणि धनी घाबरतो. बाकीची भर ताग-धैंचा गाडून काढावी लागते. गेल्या काही दिवसांत 'सेंद्रिय' छापलेल्या महागड्या बाटल्या उधारीवर गावात येत आहेत. खर्चातली १४ टक्के बचत त्या बाटल्यांतच गेली तर मग उरले काय? कमी आलेला ऊस.

जादा दरासाठी प्रमाणपत्र लागते. त्याआधी दोन ते तीन वर्षांचा संक्रमण काळ पाळावा लागतो. एकट्याला हा खर्च झेपत नाही, परंतु राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट करून प्रमाणपत्र घेता येते. शिवाय तो ऊस वेगळा गाळावा लागतो, साखर वेगळी ठेवावी लागते. थोड्याशा उसासाठी कारखाना धुऊन घेणे परवडणारे नाही.

ज्यांना करून पाहायचेच आहे त्यांनी आमच्या मते दहा गुंठ्यांपासून, तेही खोडव्यापासून सुरुवात करावी. पाचट जाळू नये. रासायनिक खत त्या तुकड्यात एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करावे. मात्र प्रमाणपत्राची वर्षे ते पूर्ण बंद झाल्यावरच मोजली जातात. त्या तुकड्याची वही वेगळी ठेवावी आणि घरच्या माणसांचे रोजही तीत लिहावेत. अशा सभासदांनी नाव, गट नंबर व क्षेत्र आपल्या गट ऑफिसात नोंदवावे. किती क्षेत्र होते हे कळल्याशिवाय वेगळ्या गाळपाचा विषय संचालक मंडळापुढे नेता येत नाही.