पाण्याचा व्हॅक्यूम क्लीनर आणि भाद्रपदातली हवा

गणपतीच्या आधी लालबाग-परळात घरं नुसती झाडत नाहीत, खरवडून काढतात. पोटमाळ्यावरच्या ट्रंका उतरतात, गाद्या उलट्या होतात, पंख्यांची पाती पुसली जातात. हल्ली काही घरांत या कामाला पाण्यातून धूळ गाळणारा व्हॅक्यूम क्लीनर असतो. वर्षातली सगळ्यात मोठी साफसफाई आपण ऐन दमट दिवसांत काढतो आणि या यंत्राला नेमके तेच दिवस सोसत नाहीत.

यात धुळीची पिशवी नसते. मोटर हवा खेचते, ती टाकीतल्या पाण्यातून घुसळत जाते आणि धूळ भिजून पाण्यात राहते. पाण्याचे तुषार वर चढू नयेत म्हणून मध्ये आडोसा किंवा वेगाने फिरणारी जाळी असते. तिच्यामुळे थेंब अडतात, वाफ मात्र अडत नाही. त्यामुळे ही दमट हवा पुढच्या बारीक फिल्टरलाही ओल देऊन जाते.

आता मुंबईचा हिशेब. 28 अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 27 ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता 85 टक्के असेल तर त्यातली 23 ग्रॅम आधीच भरलेली, जागा उरते जेमतेम चार ग्रॅमची. जानेवारीत दुपारी 30 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असली, तर हीच जागा 15 ग्रॅमची असते. हिवाळ्यात रात्रीतून सुकणारा पाइप पावसाळ्यात दोन दिवस ओलाच का राहतो, ते यावरून कळेल. लालबाग-परळच्या या गिरणगावाला हवेतली ओल नवी नाही म्हणा. सूत तुटू नये म्हणून गिरण्यांच्या खात्यांत हवा मुद्दाम दमट ठेवत. सुताला ती मानवते, मोटरच्या बेअरिंगला नाही.

गिरगाव-दादरच्या किनाऱ्याजवळ त्यात मिठाची भर. साधं मीठ सुमारे 75 टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते म्हणूनच. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले असे कण धातूवर बसले की तिथला ओला थर वाळत नाही आणि गंज झपाट्याने चढतो.

तेव्हा काम संपताक्षणी टाकी रिकामी करावी. गाळ रात्रभर राहिला तर सकाळी झाकण उघडताच आंबूस वास येतो. टाकी पुसून उघडी ठेवावी, पाइप उभा टांगावा, फिल्टर काढून पंख्याखाली ठेवावा. मोरीत किंवा बंद पोटमाळ्यावर तर यंत्र ठेवूच नये. सुवासासाठी पाण्यात फिनेल किंवा साबण घालण्याची हौस महागात पडते, कारण फेस तो आडोसा सहज ओलांडतो. ज्या यंत्रांत खेचलेली हवाच मोटर थंड करते, तिथे तो थेट मोटरमध्ये शिरतो.

यंत्र कलंडलं आणि पाणी आत गेलं, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करून कोरड्या हाताने प्लग काढावा. ‘चालू होतंय का बघू’ हा मोह तेवढा आवरावा. मोटर भाजते ती बहुधा त्यातच. पाणी निथळू द्यावं, एसीची खोली असेल तर तिथे दोन-तीन दिवस ठेवावं, कारण एसी हवेतली वाफच काढून घेतो. नंतर दुरुस्तीवाल्याकडून मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्यावं. बेअरिंग किरकिरत असेल तर तेही त्याच वेळी बदलावं. नव्या मोटरपेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं.