बेगमी

'बेगमी' हा शब्द अलीकडे आपल्या बोलण्यातून मागे पडत चालला आहे. अडचणीच्या दिवसांसाठी आधीच करून ठेवलेली तरतूद, हा त्याचा साधा अर्थ. कोकणात आगोटीपूर्वी, म्हणजे पावसाळा सुरू होण्याआधी, घरोघर ही बेगमी होत असे. ओढ्या-नद्यांना पूर आला की बाजाराची वाट तुटे. मग घर चालवायचे ते घरातल्याच साठ्यावर. गोव्यात या साठ्याला 'पुरुमेंत' म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. गरज मात्र इथल्या पावसाचीच.

माझ्या आजोळी मी ही बेगमी जवळून पाहिली आहे. ती एका दिवसात कधीच होत नसे. आधी मिरची-हळद, मग पापड-सांडगे, वैशाखात आमसुले आणि फणसाची साठे, शेवटी पडवीत सरपण. तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हात. ज्या त्या हंगामात जी ती वस्तू मुबलक असे, म्हणूनच बेताच्या मिळकतीतही हे सारे जमून जाई.

कोणी म्हणेल, आता कोपऱ्यावर दुकान असताना हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर गेल्या काही वर्षांनीच दिले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा वेळी कोपऱ्यावरचे दुकानही आपल्याबरोबरच बुडते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर होताच दुकानांपुढे उडालेली झुंबड तर आपण सर्वांनी पाहिलीच आहे.

त्या झुंबडीला बेगमी म्हणता येणार नाही. ती साठेबाजीची धाकटी बहीण. ज्याच्या खिशात पैसा होता त्याने पोती उचलली आणि रोजच्या मजुरीवर रोजचे पीठ घेणाऱ्याच्या वाट्याला रिकामी फळी आली. बेगमीचे मर्म नेमके याच्या उलट आहे. बाजारात माल भरपूर असताना थोडे थोडे बाजूला काढले, तर कोणाचेही उणे होत नाही. आणि संकटाच्या दिवशी रांगेतील आपली जागा अधिक गरजू माणसासाठी मोकळी राहते.

हिशेबही अवघड नाही. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य व ६० ग्रॅम डाळ धरली, तर चार माणसांना आठवड्याला सुमारे ११ किलो धान्य आणि पावणेदोन किलो डाळ लागते. दरमहा किराण्याबरोबर २ किलो धान्य व ३०० ग्रॅम डाळ जास्त आणली की सहा महिन्यांत एवढा साठा तयार होतो. त्याला तेल, मीठ, साखर, काडेपेट्या, मेणबत्त्या, विजेरी आणि घरातील आजाऱ्यांची नेहमीची औषधे यांची जोड द्यावी. पिण्याचे पाणी माणशी रोज ३ लिटर धरल्यास तीन दिवसांना ३६ लिटर होते. ते झाकणाच्या भांड्यांत भरावे व अधूनमधून बदलावे. पूर येणाऱ्या गावात साठा जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवावा. जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे, म्हणजे काहीच वाया जात नाही.

साखर-मीठ मुद्दाम सांगितले. पुरानंतर जुलाबाची साथ पसरू शकते. अशा वेळी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहिल्यास, डॉक्टर गाठेपर्यंत रुग्णाला मोठाच आधार होतो.

बेगमी हे भित्र्या मनाचे लक्षण नव्हे. वाट तुटणाऱ्या मुलुखात राहून ज्यांनी संसार केले, त्यांचे ते शहाणपण आहे. वसतिगृहात दोन पेट्यांवर राहणाऱ्या आपल्या मित्रांनीही या महिन्यापासून एखादा डबा बाजूला ठेवायला काय हरकत आहे?