फवारणीचं विष रक्तात कसं दिसतं?

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. तरीही ‘औषध पोटात गेलं तरच बाधतं’ हा समज कायम आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट औषधं श्वासातून जातात, घामानं भिजलेल्या कातडीतूनही आत शिरतात. तिथे ती कोलिनेस्टरेज नावाचं विकर निकामी करतात. नसेचा संदेश स्नायूपर्यंत पोचला की तो थांबवणं हे या विकराचं काम. ते अडलं की लाळ, घाम, उलट्या सुरू होतात, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो.

हे विकर किती उरलंय ते रक्तात मोजता येतं. पण ‘एकदा तपासलं, आकडा नॉर्मल आला, म्हणजे धोका नाही’ हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. निरोगी माणसांतही ही पातळी बरीच वेगवेगळी असते. मुळात जास्त पातळी असलेल्या मजुराची एक तृतीयांश घटली, तरी अहवालात तो नॉर्मलच दिसू शकतो. म्हणून तुलनेला हंगामाआधीचा त्याचा स्वतःचा आकडा हवा. कॅलिफोर्नियात ही औषधं हाताळणाऱ्या शेतमजुरांसाठी अशा देखरेखीचा नियम १९७४पासून आहे. तांबड्या पेशींतली पातळी मूळ आकड्याच्या ७० टक्के किंवा त्याखाली गेली, की मजुराला या औषधांपासून दूर ठेवावं लागतं. आपल्याकडेही फवारणीचा पंप पाठीवर चढण्याआधी, जूनमध्येच, रक्त घ्यायला हवं.

मात्र ही तपासणी ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटापुरतीच. कपाशीवर वापरलं जाणारं डायफेन्थियुरॉन किंवा इमिडाक्लोप्रिड शरीरावर वेगळ्या वाटेनं परिणाम करतं. तिथे हा आकडा काहीच सांगत नाही.

असाच गैरसमज शेताजवळच्या पाण्याबद्दलही आहे. ‘नाल्याच्या पाण्याच्या नमुन्यात औषध सापडलं नाही, म्हणजे ते आलंच नव्हतं’ हेही खरं नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली अनेक औषधं पाण्यात लवकर विघटित होतात किंवा वाहून जातात. माशाच्या मेंदूतलं कोलिनेस्टरेज मात्र त्यानंतरही बरेच दिवस घटलेलं राहतं. त्यामुळे नमुना उशिरा घेतला, तरी मासा पुरावा देऊ शकतो.

आणि फवारताना कुणाला भोवळ, मळमळ, धाप जाणवली, तर रक्ताच्या अहवालाची वाट पाहू नये. कपडे उतरवून अंग साबणानं धुवावं, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. ॲट्रोपिन हा उतारा द्यायचा का, हे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.