एक वजाबाकी, दोन चुका

दुसरीच्या वर्गात फळ्यावर हातच्याची वजाबाकी आहे : ५२ − २७. उत्तर २५. वह्या तपासताना मात्र काही वह्यांत ३५ दिसतं. चार वह्यांत तेच ३५ आलं की शिक्षकाच्या मनात पहिली शंका येते ती शेजारच्याचं बघून लिहिल्याची. कधी ती खरीही असते. पण एकमेकांकडे ढुंकूनही न बघितलेली मुलं याच ३५ वर पोचतात, आणि तीही दोन वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट अशी. एककाच्या घरात २ आणि ७ आहेत. मोठ्यातून लहान वजा करायचं, म्हणून ७ मधून २ गेले, उरले ५. दशकाच्या घरात ५ मधून २ गेले, उरले ३. उत्तर ३५.

दुसरी वाट : २ मधून ७ जात नाहीत, म्हणून दशकाकडून दहा घेतले. १२ मधून ७ गेले, उरले ५. पण दशकाच्या घरातला ५ तसाच राहिला. ५ मधून २ गेले, उरले ३. उत्तर पुन्हा ३५.

पहिल्या मुलाला दशक सुटा करावा लागतो हेच उमगलेलं नाही. दुसऱ्याला ते कळलंय, पण घेतलेला दशक कुठून आला याचा हिशोब सुटलाय. दोघांच्याही वहीत फुली एकच आणि शेरा एकच : ‘सराव करावा.’ सरावानं दोघांचीही चूक पक्की होईल, एवढंच.

दोघांना वेगळं कसं ओळखायचं?

एक गणित बदललं की पुरतं. ६१ − ३४ द्या. पहिल्या वाटेनं जाणारा ३३ लिहील, दुसऱ्या वाटेनं जाणारा ३७. बरोबर उत्तर २७. आधीच्या गणितात हा फरक लपला होता, कारण ७ मधून २ काढले काय किंवा १२ मधून ७ काढले काय, उरतात पाचच. म्हणजे निदानासाठी गणित निवडतानाही थोडा विचार लागतो.

चुकांना अशी शिस्त असते, हे झां पियाजे या स्विस अभ्यासकाच्या लक्षात आलं ते १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये. मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांमागची कारणं महत्त्वाची वाटली. ठरावीक वयाची मुलं ठरावीक प्रकारेच चुकत होती. पुढे १९७८ मध्ये जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी खास वजाबाकीतल्या चुकांची अशीच उकल केली. बरीच मुलं अंदाधुंद चुकत नाहीत. ती एक चुकीचा नियम इमानानं पाळत असतात.

तो नियम येतो कुठून? बऱ्याचदा आपल्याकडूनच. पहिलीत आपण सांगतो, ‘नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची.’ तेव्हा ते चालून जातं. मूल तोच नियम दोन अंकी संख्येच्या प्रत्येक घराला लावतं. नवा अनुभव जुन्या चौकटीत बसवून घेण्याला पियाजेच्या मांडणीत सात्मीकरण म्हणतात. अनुभव त्या चौकटीत मावेना झाला की चौकटच बदलावी लागते, ते समायोजन. शिक्षकानं नुसतं ‘चूक’ म्हटल्यानं चौकट बदलत नाही. तिच्यातली विसंगती मुलाला स्वतःला दिसावी लागते. म्हणून ३५ खोडण्याआधी विचारायचं : ‘२७ मध्ये ३५ मिळवून बघ, ५२ होतात का?’ उत्तर येतं ६२. आता अडचण मुलाची झाली, बाईंची उरली नाही.

काड्या, चित्र, मग अंक

पहिल्या वाटेच्या मुलाला घेऊन काड्यांकडे परत जायचं. ५२ म्हणजे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. त्यातून २७ काढून दे म्हटलं की मूल दोन सुट्या उचलतं आणि थबकतं. गठ्ठा सोडल्याशिवाय गत्यंतर नाही, हे त्याचे हातच त्याला सांगतात.

गठ्ठा सुटला की एक प्रश्न आवर्जून विचारावा : ‘आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या आहेत. सगळ्या मिळून काड्या पूर्वीइतक्याच आहेत, की वाढल्या?’ मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, ही अक्षय्यतेची समज पियाजेच्या मते साधारण सातव्या वर्षाच्या आसपास येते. दुसरीतली मुलं नेमकी याच उंबरठ्यावर असतात. ज्याला ‘वाढल्या’ असं वाटतं त्याच्यासाठी हातचा म्हणजे निव्वळ जादू.

इथे एक सावधगिरी हवी. मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी १९७४ मध्ये दाखवलं की मोठ्या माणसानं मुद्दाम मांडणी बदलून प्रश्न विचारला तर मुलं जास्त चुकतात, आणि एका खोडकर टेडीनं ती ‘बिघडवली’ तर पुष्कळ जास्त मुलं बरोबर उत्तर देतात. मोठी माणसं तोच प्रश्न पुन्हा विचारतात म्हणजे उत्तर बदलायला हवं, असा अंदाज मूल बांधत असावं. त्यामुळे ‘हे कसं केलंस?’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारत जा. फक्त चुकीलाच विचारलात तर मूल सांगायच्या आधी खोडरबर शोधेल. आणि सात हा आकडा उंबरठ्याचा अंदाज आहे, मुलावर मारायचा शिक्का नव्हे.

काड्यांवरून थेट अंकांवर उडी मारू नये. जेरोम ब्रूनर यांनी ज्ञानाची तीन रूपं सांगितली : कृतीतलं, प्रतिमेतलं आणि चिन्हांतलं. काड्या हाताळून झाल्या की वहीत दशकासाठी उभी रेघ आणि सुट्यासाठी टिंब काढायचं. एक रेघ खोडून दहा टिंबं काढायची. मग शेजारी अंक लिहायचे : ५ खोडून ४, २ च्या जागी १२. गठ्ठा सोडणं, रेघ खोडणं आणि ५ चा ४ करणं ही एकच गोष्ट आहे, हे शेजारी-शेजारी दिसायला हवं. ज्ञानरचनावादी म्हणवणाऱ्या वर्गातही मधला टप्पा अनेकदा गळतो. साहित्य जमिनीवर राहतं, वजाबाकी फळ्यावर, आणि दोन्हींची गाठ पडत नाही.

मदत किती, आणि कधी काढायची?

दुसऱ्या वाटेच्या मुलाला एवढा प्रवास लागेलच असं नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांचा मुद्दा इथे उपयोगी पडतो. समजा, दोन मुलं एकट्यानं आठ वर्षांच्या पातळीची उदाहरणं सोडवतात. थोडी मदत मिळाल्यावर एक नऊ वर्षांच्या पातळीपर्यंत पोचतं, दुसरं बारा. मग ती दोघं सारखी कशी? एकट्यानं जमणं आणि मदतीनं जमणं यांच्यामधली ही जागा म्हणजे समीप विकासाचं क्षेत्र, आणि शिकवायचं ते तिथे.

मदत कशी असावी, हे वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला मदत करताना तपासलं. मुलाचं लक्ष कामावर आणणं, काम सोपं करून देणं, महत्त्वाचा भाग दाखवून देणं, वैताग वाढू न देणं, असे तिचे प्रकार त्यांनी मांडले. आपल्या दुसऱ्या वाटेच्या मुलासाठी ही मदत म्हणजे दशकाच्या अंकावर एक रिकामी चौकट. ‘आता इथे किती उरले?’ एवढंच ती विचारते. चार-पाच गणितं बरोबर आली की चौकट काढून टाकायची. ती कायम राहिली तर मूल चौकट भरायला शिकेल, वजाबाकी नाही.

कुणाच्या वहीत ५२ − २७ चं उत्तर १५ आलं, तर घरी कोण शिकवतं हे विचारून बघा. जुनी रीत अशी होती : १२ मधून ७ गेले ५, हातचा १, २ आणि १ मिळून ३; ५ मधून ३ गेले २. उत्तर २५, अगदी बरोबर. इथे दोन्ही संख्यांत दहा मिळवलेले असतात, म्हणून फरक बदलत नाही. शाळेत वरचा अंक कमी करतात, घरी खालचा वाढवतात. मुलानं दोन्ही केलं की ४ मधून ३ गेले १. घरी शिकवणारे आजोबा चुकीचे नाहीत, बाईही नाहीत. मुलाला एका वेळी एकच रीत हवी.

शेवटी सराव. कार्यकारी स्मृती एका वेळी मोजक्याच गोष्टी धरते. १२ − ७ साठी बोटं मोजावी लागली की तेवढ्यात दशकाचा हिशोब हातून निसटतो. म्हणून अठरापर्यंतच्या वजाबाक्या तोंडी आणि रोज थोड्या, पण पाच मिनिटांच्या वर नकोत. लेखी सरावात हातच्याची आणि बिनहातच्याची गणितं मिसळून द्यावीत. एका पानावर सगळी हातच्याचीच असली तर मूल विचार न करता दशक सोडत सुटतं आणि पुढे ५८ − २३ मध्येही तेच करतं. तोच धडा आठवड्यानं आणि मग महिन्यानं पुन्हा काढावा. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेल्या आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून अंतर राखून केलेल्या उजळणीचा फायदा दिसला होता.

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची मुलाखत घेता येत नाही, तशी गरजही नाही. ६१ − ३४ हे एकच गणित चिठ्ठीवर सोडवून घ्या आणि चिठ्ठ्यांचे गट करा : २७ वाले, ३३ वाले, ३७ वाले, उरलेले. ३३ ला काड्या, ३७ ला चौकट, २७ ला पुढचं काम, आणि उरलेल्यांशी मधल्या सुट्टीत दोन मिनिटं बोलणं.

आणि २७ वाल्यांना खरंच समजलंय का? दोन अंकी रीत पाठ करूनही जमते. पुढे तीन अंकी संख्या आल्या की ४०२ − १५८ द्या. दशकाच्या घरात शून्य आहे, तिथून घ्यायला काही नाही. ज्यानं फक्त ‘शेजाऱ्याकडून घे’ हे पाठ केलंय तो तिथेच अडेल. ज्यानं गठ्ठा सोडलाय तो शतक मोडून दहा दशक करेल, त्यातला एक दशक सुटा करेल आणि २४४ लिहील.