दोन वह्या, एक रुग्ण

करजगीसारख्या सीमेवरच्या गावात दवाखाना चालविणे म्हणजे दोन राज्यांच्या आणि दोन भाषांच्या मधोमध बसणे होय. आमच्या अफजलपूर तालुक्यातील रुग्ण सकाळी माझ्याकडे येतो, मोठ्या तपासणीसाठी सोलापूर गाठतो आणि संध्याकाळी कागदांची पिशवी घेऊन परततो. त्याचे एकच नाव एका कागदावर कन्नडमध्ये, दुसऱ्यावर मराठीत, तर तिसऱ्यावर इंग्रजीत असते, आणि तिन्ही ठिकाणी ते थोडे थोडे वेगळे असते. स्मरणिकेसाठी एखादा वैद्यकीय विषय निवडावा, असे प्रथम मनात होते. परंतु ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक शिकविले, ती संगणकाची असल्याने तिच्याविषयीच लिहितो.

काही वर्षांपूर्वी सांधेदुखीने त्रस्त असलेल्या एका वृद्ध आजी माझ्याकडे नियमित येत असत. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसताच मी त्यांची वेदनाशामक गोळी बंद केली आणि तशी नोंद केसपेपरच्या संगणकात स्वतः केली. औषधांचा साठा आणि बिले मात्र दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असत. तेथे जुनी चिठ्ठी तशीच उभी होती. पुढच्या खेपेस आजींचा नातू थेट औषधांच्या खिडकीवर गेला, आणि आमच्या माणसाने पडद्यावर दिसले तेच, अगदी प्रामाणिकपणे, बांधून दिले. तीन आठवड्यांनी आजी पायांना सूज घेऊन आल्या. त्यांना सोलापूरला पाठवावे लागले. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. चूक कोणाची, याचा विचार करता करता ध्यानात आले की दोन्ही वह्या आपापल्या जागी बिनचूक होत्या. त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, एवढेच. आणि त्यांना बोलते करण्याची जबाबदारी माझी होती.

साठा, खरेदी, बिले, हिशेब हे सारे एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात. त्याच्या आतील माहितीला बाहेरच्या कोणाही प्रणालीने परस्पर हात लावू नये, म्हणून त्याला एक खिडकी ठेवलेली असते. तीच वेब सर्व्हिस. बाहेरच्या प्रणालीने खिडकीवर यावे, ओळख पटवावी, ठरलेल्या नमुन्यात विनंती द्यावी आणि उत्तर घेऊन जावे, असा हा शिरस्ता आहे. तयार खिडक्या ग्राहक, मालाची नोंद, बिल अशा सर्वसाधारण कामांसाठी असतात. ‘या रुग्णाचे हे औषध थांबवा’ हे काम व्यापारी सॉफ्टवेअरला कोठून माहीत असणार? त्यासाठी आपली स्वतःची खिडकी पाडून घ्यावी लागते.

हे काम आपल्या देशात फार चांगल्या रीतीने झालेले आहे. छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ ही डॉक्टरांनी उभारलेली संस्था ग्रामीण रुग्णालय चालविते. तेथील गरजेतून थॉटवर्क्स या कंपनीने ‘बहमनी’ नावाची मुक्त प्रणाली घडविली. कलबुर्गी-बिदरच्या आपल्या मंडळींना नाव ऐकताच 1347 साली स्थापन झालेली बहमनी सल्तनत आठवेल; पण हे नाव छत्तीसगडमधील एका खेड्याचे आहे. या प्रणालीत केसपेपर ओपन एमआरएसमध्ये, प्रयोगशाळा ओपन एलिसमध्ये आणि बिले व साठा ओडूमध्ये असतो. ओडू हे मूळचे बेल्जियममधील ईआरपी. 2014 पूर्वी ते ओपन ईआरपी या नावाने ओळखले जाई. डॉक्टरने औषध लिहिले की केसपेपरची प्रणाली घटनांच्या यादीत एक नोंद जोडते. मधला जोडणारा कार्यक्रम ती यादी ठराविक वेळाने वाचतो आणि ओडूमध्ये त्यासाठी खास लिहिलेल्या कार्याला हाक मारतो. मग बिलाचा आदेश आपोआप तयार होतो. वीज गेली, तार तुटली, तरी नोंद हरवत नाही. अपुरे राहिलेले काम बाजूला लिहून ठेवले जाते आणि पुन्हा केले जाते.

याच वाटेने आम्हीही पुढे ओडू स्वीकारले आणि एका तरुण अभियंत्याकडून ‘औषध थांबवा’ ही खिडकी करून घेतली. ओडूत हाक दोन टप्प्यांत जाते: प्रथम वापरकर्त्याचे नाव आणि किल्ली देऊन ओळख, मग कोणत्या नोंदवहीतील कोणते कार्य करावयाचे ते. ज्या कार्याच्या नावाआरंभी अधोरेघ असते, ते बाहेरून हाकता येत नाही; ती घरातली खोली समजावी.

अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी व्यवसायबंधूंसाठी नोंदवितो. एक, रुग्ण नावाने ओळखू नये, क्रमांकाने ओळखावा. तीन लिप्यांच्या गावात याला पर्याय नाही. दोन, उत्तर मिळाले म्हणजे काम झाले, असे समजू नये. पाकीट सुखरूप पोहोचल्याची खूण येते आणि आतल्या चिठ्ठीत नकार असतो. चिठ्ठी उघडून वाचलीच पाहिजे. तीन, तीच विनंती दोनदा पोहोचली तरी बिल एकदाच व्हावे, म्हणून प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक हवा. चार, ओडू वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठविते. बाहेरच्या प्रणालीने साडेपाच तास मिळविले नाहीत, तर मध्यरात्रीनंतर दिलेले इंजेक्शन आदल्या तारखेला पडते. आमच्याकडे एकदा ते पडले होते.

आणखी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जोडणीसाठी मालकाचा पासवर्ड कधीही देऊ नये. वेगळा वापरकर्ता असावा, त्याला लागेल तेवढाच अधिकार असावा. रुग्णाची माहिती ही आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे. 2021 साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये चौदा अंकी आभा क्रमांक आणि रुग्णाची संमती यांवरच देवाणघेवाण उभी आहे, हे ध्यानात घ्यावे. करजगी आणि सोलापूर यांच्यामधली राज्याची रेघ अशा मार्गानेच पुसट होईल.

आता मी एखादे औषध बंद केले की खिडकीवरच्या पडद्यावर ते लाल होते. तरीही मी प्रत्येक रुग्णाला औषधाची पिशवी घेऊन पुन्हा माझ्यासमोर बसवितो आणि एकेक गोळी पाहतो. यंत्रे बोलू लागली म्हणून डॉक्टरने बोलणे थांबवू नये, एवढेच मला आजींच्या सुजलेल्या पायांनी शिकविले.